घरपोच ‘फुल बॉडी चेकअप’: शुगर का वाढली, हे या पॅकेजमधून कळतं का?

सकाळी सहा-सातला घरी येऊन रक्त न्यायचं आणि संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट धाडायचा, ही सेवा आता तालुक्याच्या गावीही मिळते. साधारण हजार ते दोन हजार रुपये घेतात आणि जाहिरातीत ‘७२ चाचण्या’, ‘८८ चाचण्या’ असा आकडा ठळक छापलेला असतो. इथे कुठल्या एका कंपनीचं नाही, तर या प्रकारच्या पॅकेजचं परीक्षण केलं आहे आणि तेही एकाच प्रश्नापुरतं. पोटाचा घेर, शुगर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी), रक्तदाब हे सगळं हातात हात घालून वाढतं. त्या बिघाडाचं, म्हणजे मेटाबॉलिक सिंड्रोमचं, मूळ शोधायला या पॅकेजचा किती उपयोग होतो?

शुगर किती आहे ते पॅकेज बऱ्यापैकी सांगतं, पण ती का वाढली ते सांगत नाही. मात्र त्यातलेच आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचले, आणि सोबत शिंप्याची टेप, रक्तदाबाचं मशीन व दोन-तीन जादा चाचण्या घेतल्या, तर कारणाच्या बरंच जवळ जाता येतं. (बाळाला जन्मतःच एखादं एन्झाइम नसतं, ते चयापचयाचे विकार अगदी वेगळे. त्यांच्यासाठी नवजात बाळाच्या टाचेच्या रक्ताची तपासणी असते. या पॅकेजचा त्याच्याशी काही संबंध नाही.)

८८ म्हणजे नक्की किती?

आधी आकड्याचा फुगा. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ही एकच चाचणी, एकाच जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधून होते आणि मशीन त्यातून वीस-बावीस ओळी छापतं. पॅकेजवाले प्रत्येक ओळ वेगळी चाचणी म्हणून मोजतात. लिपिड प्रोफाइलमध्ये सहसा तीनच गोष्टी मोजलेल्या असतात: एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल (त्यातला ‘चांगला’ भाग) आणि ट्रायग्लिसराइड. व्हीएलडीएल म्हणजे ट्रायग्लिसराइड भागिले ५. एकूणातून एचडीएल आणि व्हीएलडीएल वजा केलं की एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल. पुढची गुणोत्तरं तर निव्वळ भागाकार. लिव्हरच्या तपासणीत ग्लोब्युलिन आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन ही वजाबाकी असते. किडनीच्या तक्त्यात युरिया आणि बीयूएन दोन्ही असतील, तर त्यातला एक दुसऱ्यावरून काढलेला असतो. एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी चाचणी) हिच्याखालची ‘सरासरी शुगर’सुद्धा मोजलेली नसते: एचबीए१सी गुणिले २८.७, वजा ४६.७.

हे गणित चुकीचं नाही. पण दोन पॅकेजची तुलना करताना आकडा न बघता यादी उघडून बघावी. ७२ वाल्यात लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीतून झिरपणारं प्रथिन) असेल आणि ८८ वाल्यात नसेल, तर ७२ वालं सरस.

एलडीएलबाबत एक खबरदारी. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असतील तर वजाबाकीने काढलेला एलडीएल धरू नये, तिथे तो थेट मोजून घ्यावा लागतो. ट्रायग्लिसराइड त्याच्या बरेच खाली पण चढे असले तरी नॉन-एचडीएल, म्हणजे एकूणातून एचडीएल वजा, हा जास्त भरवशाचा. तो उपाशीपोटी नसतानाही चालतो.

रक्त काढल्यापासून मशीनपर्यंत

या सेवेचा कच्चा दुवा इथे आहे, आणि ग्राहकाला तो दिसत नाही.

ट्यूबमध्ये आलेलं रक्त जिवंत असतं. त्यातल्या पेशी ग्लुकोज खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये, खोलीच्या तापमानाला, सेंट्रिफ्यूजमध्ये (पेशी वेगळ्या करणाऱ्या गरगर फिरणाऱ्या यंत्रात) न फिरवता रक्त पडून राहिलं तर शुगर ताशी साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. समजा रक्त काढताना शुगर १०८ होती. रक्त न्यायला आलेल्या मुलाने सहाला पहिल्या घरचं रक्त घेतलं, आणखी सात-आठ घरं केली आणि नऊला सॅम्पल लॅबमध्ये दिलं. ताशी ६ टक्क्यांनी हिशेब केला तर मशीनपुढे येईपर्यंत १०८ चे ९० झाले. म्हणजे प्रीडायबेटिसची, मधुमेहाच्या उंबरठ्याची, पायरी (उपाशीपोटी १००) ओलांडलेल्या माणसाला हिरव्या रंगात ‘नॉर्मल’ असा रिपोर्ट मिळाला. यात मशीनचा दोष नाही, मशीनने समोर आलेलं रक्त बरोबरच मोजलं.

म्हणून शुगरसाठी राखाडी टोपणाची ट्यूब असते. तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं, ते पेशींचं खाणं थांबवतं. पण तेही लगेच थांबवत नाही. पूर्ण असर व्हायला एक-दोन तास लागतात, तोवर थोडी घट होतेच. तरीही साध्या ट्यूबपेक्षा ती कैक पटींनी बरी. रक्त काढायला आलेल्या माणसाच्या हातात किमान तीन रंग दिसले पाहिजेत: सीरमसाठी पिवळा किंवा लाल, सीबीसी-एचबीए१सीसाठी जांभळा, शुगरसाठी राखाडी. राखाडी नसेल तर तिथेच विचारावं. क्रमही हाच हवा. जांभळी आधी भरून मग पिवळी भरली आणि जांभळीतलं रसायन चुकून पुढे गेलं, तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं.

आणखी काही गोष्टी डोळ्यांनी तपासता येतात. दंडाचा पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त बांधून ठेवू नये. शीर सापडत नाही म्हणून मूठ उघड-मिट करायला लावू नये, त्यानेही पोटॅशियम चढतं. राखाडी आणि जांभळी ट्यूब भरल्यावर हळूच आठ-दहा वेळा उलटसुलट करायची असते. खसाखस हलवली तर तांबड्या पेशी फुटतात. मग पोटॅशियम आणि एएसटी हे एन्झाइम (रिपोर्टवर ‘एसजीओटी’) खोटे वर जातात, इन्सुलिन मात्र खोटं खाली येतं. नाव, वय आणि वेळ लिहिलेलं लेबल तुमच्यासमोर ट्यूबवर लागलं पाहिजे. खिशात टाकून ‘नंतर लावतो’ म्हणणाऱ्याकडून सॅम्पल परत घ्यायला संकोच करू नये.

वेळ निवडताना लोक सहाचा स्लॉट मागतात, कारण चहाची तलफ. शुगरच्या दृष्टीने फेरीतलं शेवटचं घर जास्त चांगलं, कारण तिथून सॅम्पल थेट लॅबकडे जातं. फोनवर विचारलं तर बहुतेक ठिकाणी सांगतात. त्याहून उत्तम म्हणजे सेंट्रिफ्यूज असलेल्या लॅबमध्ये स्वतः जाऊन रक्त देणं. नुसतं कलेक्शन सेंटर म्हणजे लॅब नव्हे, हेही लक्षात असू द्या. ‘एनएबीएल मान्यताप्राप्त’ ही पाटी (एनएबीएल म्हणजे लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) कंपनीच्या नावापुढे दिसते, पण मान्यता विशिष्ट पत्त्यावरच्या लॅबला आणि विशिष्ट चाचण्यांना असते. मान्यतेच्या कक्षेबाहेरच्या चाचणीपुढे रिपोर्टवर सहसा फुली किंवा तारा असतो आणि त्याचा अर्थ तळटीपेत बारीक अक्षरात दिलेला असतो. ती तळटीप वाचावी.

उपास १० ते १२ तासांचा. पाणी चालतं, चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही. आदल्या रात्री लग्नाचं जेवण किंवा दारू झाली असेल तर ट्रायग्लिसराइडचा आकडा त्या रात्रीबद्दल बोलेल, तुमच्याबद्दल नाही. ताप असताना किंवा आजारातून नुकतंच उठल्यावर पॅकेज करू नये. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी थांबवाव्यात. काही मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) खोटा कमी आणि थायरॉइडची टी३-टी४ खोटी जास्त दिसतात, आणि थायरॉइड ठणठणीत असलेल्या माणसाच्या हातात अतिसक्रिय थायरॉइडचा रिपोर्ट पडतो.

एचबीए१सीवर किती भिस्त ठेवावी

पॅकेजमधली सर्वांत उपयोगी चाचणी हीच, कारण उपास सुटला, ट्यूब जरा रेंगाळली तरी ती फारशी बिघडत नाही. ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढे मधुमेह. पण ती तांबड्या पेशींच्या आयुष्यावर उभी आहे. लोहाच्या कमतरतेने पंडुरोग झाला असेल तर एचबीए१सी खोटा थोडा वर जातो. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, नव्या पेशी भराभर आल्या, की तो उतरतो आणि माणसाला वाटतं पथ्याला यश आलं. नुकताच रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल किंवा पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल, तर तो खोटा खाली येतो.

महाराष्ट्रात हा मुद्दा पुस्तकी नाही. राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांना पंडुरोग आहे. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या आदिवासी भागांत सिकलसेल आहे. काही समाजांत थॅलेसेमियाचे वाहक बरेच आढळतात. हे दोन्ही तांबड्या पेशींचे जन्मजात विकार. म्हणून एचबीए१सी वाचण्याआधी त्याच रिपोर्टातल्या सीबीसीची दोन पानं मागे जाऊन हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) पाहावेत. हिमोग्लोबिन ९.५ आणि एमसीव्ही ६८ असेल तर ५.९ एचबीए१सीवरून प्रीडायबेटिसचा शिक्का मारू नये. तिथे उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची शुगर हाच निवाडा. पॅकेजमधल्या ‘आयर्न प्रोफाइल’मध्ये पुष्कळदा सीरम आयर्न आणि टीआयबीसी (लोह वाहून नेण्याची रक्ताची क्षमता) असतात पण फेरिटिन नसतं, आणि लोहाचा साठा सांगणारं तेच.

आता कारण

१९८८ साली अमेरिकी डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी आपल्या बँटिंग व्याख्यानात (अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचं मानाचं व्याख्यान) मांडलं की वाढती शुगर, चढे ट्रायग्लिसराइड, कमी एचडीएल आणि रक्तदाब हे वेगवेगळे चार आजार नव्हेत, त्यांच्या मुळाशी इन्सुलिनला न जुमानणं आहे. त्यांच्या मूळ मांडणीत लठ्ठपणा नव्हताच. पोटाचा घेर व्याख्येत नंतर आला. आज पाचपैकी तीन निकष भरले की मेटाबॉलिक सिंड्रोम धरतात. घेर भारतीय पुरुषांत ९० सेंमी, बायकांत ८० सेंमी किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त. एचडीएल पुरुषांत ४० हून, बायकांत ५० हून कमी. रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, वरचा-खालचा कुठलाही एक पुरे. उपाशीपोटी शुगर १०० किंवा जास्त. यांपैकी कशावर औषध चालू असेल तरी तो निकष भरला असंच धरतात.

या पाचांतले घेर आणि रक्तदाब पॅकेजमध्ये नाहीत. दोन हजार रुपये मोजून अठ्ठ्याऐंशी ओळी मिळतात आणि पन्नास रुपयांच्या टेपने होणारी मोजणी राहून जाते. गावात आशाताई तीस वर्षांवरच्यांचा जो फॉर्म भरून घेतात, त्यात घेराचा प्रश्न आहे, आणि तो फॉर्म फुकट आहे. या एका बाबतीत सरकारी तपासणी महागड्या पॅकेजच्या पुढे आहे.

भारतीयांत वजनापेक्षा घेर का महत्त्वाचा, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये शेजारीशेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बीएमआय दोघांसाठी एकच आकडा दाखवत होता, आतला ऐवज वेगळा होता. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या चमूने केलेल्या अभ्यासात हा फरक जन्मापासूनच दिसला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच. त्याच अभ्यासात गरोदरपणी फोलेट जास्त आणि बी१२ कमी (दोन्ही जीवनसत्त्वं) असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त आढळलं. जिच्या घरी मधुमेह आहे आणि जी आता मूल होऊ द्यायचा विचार करते आहे, तिच्या पॅकेजमधली बी१२ ची ओळ म्हणूनच महत्त्वाची.

याचा धागा असा. इन्सुलिनच्या हुकमावर रक्तातली साखर उचलणारं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. ते मुळात लहान, त्यात बैठं काम, आणि ताटात भात-पोळी-पोहे-साबुदाणा जास्त, डाळ-अंडी-दूध कमी. जादा साखरेची यकृत चरबी करतं. कातडीखाली चरबी साठवायची आपली जागा मर्यादित, ती भरली की चरबी पोटात आणि यकृतातच मुक्काम करते. चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर साखर सोडत राहतं. म्हणून रात्री काही न खाताही सकाळची शुगर जास्त येते. तेच यकृत व्हीएलडीएल बाहेर ढकलतं, त्यामुळे ट्रायग्लिसराइड चढतात आणि त्या देवघेवीत एचडीएल उतरतं. सगळं सांभाळायला स्वादुपिंड जादा इन्सुलिन पाझरत राहतं, कधी कधी काही वर्षं. त्या काळात शुगर नॉर्मल असते. पॅकेज नेमकं त्याच काळात ‘सर्व काही ठीक’ म्हणतं.

एक रिपोर्ट जवळून

समजा ४८ वर्षांचा पुरुष, ऑफिसातलं काम. रिपोर्टवर उपाशीपोटी शुगर १०४, एचबीए१सी ५.८, एकूण कोलेस्टेरॉल १९२, ट्रायग्लिसराइड १९०, एचडीएल ३६, एलडीएल ११८, लिव्हरची एन्झाइम एएलटी (‘एसजीपीटी’) ५२, एएसटी ३८, प्लेटलेट २.१० लाख. अॅपवर यातले पाच-सहा आकडे वेगवेगळ्या पानांवर लाल-पिवळे दिसतात: ‘शुगर सीमारेषेवर’, ‘ट्रायग्लिसराइड जास्त’, ‘एचडीएल कमी’, ‘लिव्हर एन्झाइम किंचित जास्त’. प्रत्येकाखाली वेगळा सल्ला. म्हणजे एकाच आजाराचे चार तुकडे करून चार पानांवर वाटलेले.

ते जोडायला कॅल्क्युलेटर पुरे. ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल: १९० ÷ ३६ = ५.३. हे गुणोत्तर ३ च्या वर गेलं की इन्सुलिन-प्रतिरोधाचा संशय घ्यावा. हा पक्का निदान-निकष नाही, पण पैसे न खर्चता मिळणारी चांगली खूण आहे. एएलटीसाठी लॅबची वरची मर्यादा ४५-५० छापलेली असते. यकृतात चरबी नसलेल्या निरोगी पुरुषांत तो साधारण ३० च्या आत आणि बायकांत २५ च्या आत असतो. त्यामुळे ४२ चा एएलटी लॅबने हिरवा दाखवला तरी त्याकडे दुर्लक्ष करू नये.

पुढे फिब-४, म्हणजे यकृत कडक होऊ लागलं आहे का याचा अंदाज देणारा आकडा. वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एएलटीचं वर्गमूळ). इथे ४८ × ३८ = १८२४. ५२ चं वर्गमूळ ७.२१, गुणिले २१० म्हणजे १५१४. भागाकार १.२०. १.३ च्या आत म्हणजे यकृत कडक होऊ लागल्याची शक्यता कमी. १.३ च्या वर असेल तर फायब्रोस्कॅनबद्दल (यकृताचा कडकपणा बाहेरून मोजणारी तपासणी) डॉक्टरांशी बोलावं. पासष्टीनंतर ही पायरी २ धरतात, आणि पस्तिशीच्या आत हे गणित फारसं विश्वासाचं नाही. यासाठी लागणारे चारही आकडे जवळपास प्रत्येक पॅकेजमध्ये असतात, तरी हा एक भागाकार करून देणारे रिपोर्ट फार थोडे. ही या सेवेबद्दलची सर्वांत मोठी तक्रार आहे.

आता टेप. उघड्या पोटावर, सरळ उभं राहून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, टेप आडवी आणि न आवळता. पँटचा नंबर धरू नये, कारण पोट सुटलं की पट्टा पोटाखाली सरकतो आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. या गृहस्थांचा घेर ९६ भरला आणि रक्तदाब १३४/८६ आला, तर पाचही निकष पूर्ण.

चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने बनवलेला, मधुमेहाचा धोका सांगणारा गुणांक याच टेपवर चालतो. वय ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ ला २०, पुढे ३०. घेर पुरुषांत ९० ते ९९ ला १०, १०० पासून २०. बायकांत ८० ते ८९ ला १०, ९० पासून २०. व्यायामही नाही आणि काम बैठं, तर ३०. दोन्हींपैकी एक असेल तर २०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल १०, दोघांना २०. वरच्या माणसाचे वडील मधुमेही आणि त्याला व्यायाम नाही असं धरलं तर २० + १० + ३० + १० = ७०. ६० पासून पुढे धोका जास्त. रक्ताचा थेंब न घेता हे समजतं.

काय जोडावं

रक्तदाब. दंडावर बांधायचं मशीन, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या उंचीवर, दोनदा. मनगटी मशीन टाळावं.

ग्लुकोज पिऊन दोन तासांची शुगर. आपल्याकडे पुष्कळांची उपाशीपोटीची शुगर ठीक आणि खाल्ल्यानंतरची बिघडलेली असते, आणि पॅकेजमध्ये फक्त उपाशीपोटीची घेतात. ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज (बाजारातली साधी ग्लुकोज पावडर मोनोहायड्रेट असेल तर ८२.५ ग्रॅम) २५०-३०० मिली पाण्यात घालून पाच मिनिटांत संपवायचं. आधीचे तीन दिवस रोजचं जेवण जेवायचं, भात-पोळी बंद करून जायचं नाही, नाहीतर आकडा खोटा वर येतो. दोन तास बसून राहायचं, फिरायचं नाही, सिगारेट नाही. १४० ते १९९ ही मधली पायरी, २०० पासून मधुमेह. एका तासाचंही सॅम्पल दिलं तर उत्तम: १५५ किंवा जास्त असेल तर बिघाड सुरू झाला आहे, असं आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२४ मध्ये मांडलं. घरचा नाश्ता करून दिलेली ‘पीपी’ ही चाचणी वेगळी. कुणी दोन इडल्या खातो, कुणी मिसळ, त्यामुळे त्यावर निदान ठरवू नये.

उपाशीपोटी इन्सुलिन. शुगर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५ म्हणजे होमा-आयआर, इन्सुलिन-प्रतिरोधाचं माप. १०४ शुगरला इन्सुलिन १७ असेल तर ४.३७, ५ असेल तर १.२८. दोघांची शुगर एकच, पण पहिल्याचं स्वादुपिंड ती टिकवायला तिपटीहून जास्त राबतं आहे. मात्र इन्सुलिनच्या चाचणीत लॅबगणिक फरक पडतो, म्हणून सगळ्यांनी करण्याची गरज नाही. घेर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल तिन्ही बिघडलेले असतील तर इन्सुलिन मोजून नवं काही कळत नाही. ते पैसे दोन तासांच्या शुगरवर घालावेत.

शुगर किंवा रक्तदाब वाढलेला असेल तर सकाळच्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. ३० च्या आत हवं. क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणून किडनी ठणठणीत, असं समजू नये. गुणोत्तर त्याच्या कितीतरी आधी बोलतं.

आणि कागदावर चार प्रश्न, जे एकही पॅकेज विचारत नाही. दम्यासाठी, सांध्यांसाठी किंवा ‘ताकदीच्या पुडी’तून स्टेरॉइड पोटात जातं आहे का? मानसिक आजारासाठी ओलांझापिनसारखं औषध चालू आहे का? घोरणं, झोपेत श्वास अडकणं, रात्रपाळी आहे का? पाळी अनियमित, चेहऱ्यावर केस, पीसीओएस? यातलं एक जरी ‘हो’ असेल तर कारणाचा मोठा भाग तिथेच सापडतो. टीएसएच पॅकेजमध्ये असतो ही चांगली गोष्ट, कारण थायरॉइड मंदावला तरी एलडीएल चढतं आणि तिथे आधी थायरॉइडचा इलाज.

एक धोक्याची खूण मात्र वेगळी. शुगर वाढलेली, पण माणूस सडपातळ, वजन झपाट्याने उतरतंय, तहान-लघवी वाढली आहे. इथे वरची कारणं लावत बसू नये. तरुण असेल तर टाइप १ मधुमेह असू शकतो आणि त्याला त्याच दिवशी डॉक्टर हवा. वय जास्त असेल तर स्वादुपिंडाची तपासणी लागते.

काय सोडून द्यावं

मोठ्या पॅकेजमध्ये संधिवाताचा आरए फॅक्टर, अमायलेज, लायपेज, कॅन्सर मार्कर भरलेले असतात. त्रास काहीच नसताना यांचा उपयोग जवळजवळ शून्य, आणि घोर लावायला पुरेपूर. नॉर्मलची पट्टी निरोगी माणसांतल्या ९५ टक्क्यांना धरून आखतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या तर धडधाकट माणसातही एखादी तरी लाल येण्याची शक्यता ६४ टक्के. ८८ ओळींत लाल काहीच नसणं हेच नवल.

ड जीवनसत्त्व बहुतेकांचं कमी येतं. रिपोर्टसोबत येणाऱ्या ‘मोफत सल्ल्या’च्या फोनवर त्यासाठी लगेच पूरक गोळ्यांचं दुकान उघडतं. साठ हजार युनिटची पुडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आठवड्यामागून आठवडे घेत राहू नये. अॅपवरचा ‘हेल्थ स्कोअर’ कोणत्या सूत्राने काढला ते दिलेलं नसतं, त्यावर वेळ घालवू नये.

कोणी घ्यावं, कोणतं घ्यावं

तिशी ओलांडलेल्या, घरात मधुमेह असलेल्या किंवा घेर वाढलेल्या कुणीही सर्वांत छोटं पॅकेज घ्यावं: सीबीसी, उपाशीपोटी शुगर, एचबीए१सी, लिपिड, लिव्हर, क्रिएटिनिन, टीएसएच. शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल तर बी१२ जोडावं, कारण मेटफॉर्मिनने ते कमी होतं. महाग पॅकेजमध्ये वाढतात त्या बहुतेक ओळीच. उरलेल्या पैशांत ग्लुकोजची चाचणी आणि लघवीचं गुणोत्तर बसतं.

परत कधी? एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून काही कळत नाही. लॅब तीच ठेवावी, शक्यतो पद्धतही तीच. एचबीए१सी एचपीएलसीने केला की दुसऱ्या पद्धतीने, हे रिपोर्टवर लिहिलेलं असतं. ट्रायग्लिसराइड एकाच माणसात, काहीही न बदलता, दिवसागणिक २० टक्के वर-खाली होतात. तेव्हा १९० चे १७० झाले म्हणून पथ्य लागू पडलं असं धरू नये. १९० चे १२० झाले, एएलटी ५२ वरून ३० वर आला आणि टेप चार सेंमी आत आली, तर यकृतातली चरबी खरंच उतरते आहे.